बुधवार, दोन ते पाच

शिपाईमामांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली, सहीची वही पुढे केली आणि ते नेहमीसारखे खिडकीबाहेर बघत उभे राहिले. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. गुरुवारी सकाळी अकराला प्राचार्यांच्या खोलीत विषयांच्या आढाव्याची बैठक आहे, आणि येताना गेल्या चार वर्षांचे मोठे तक्ते घेऊन यावेत. तासबाईने सही केली. सही करताना पेन अडखळलं आणि शेवटच्या अक्षराला एक नसता फाटा फुटला. 'चार वर्षांचे कशाला हो मामा?' तिने विचारलं. आवाज अगदी साधा निघाला याचं तिचं तिलाच नवल वाटलं. 'मला कोण सांगतंय बाई? मी चिठ्ठ्या वाटतो,' मामा म्हणाले आणि वही मिटून चालू लागले. त्यांच्या चपला जिन्यापर्यंत ऐकू आल्या, मग जिन्यावर, मग ऐकू येईनाशा झाल्या. तासबाई तशीच बसून राहिली. तीन वर्षांचे नाहीत, पाच वर्षांचे नाहीत. चार. कुणी सहज म्हणून मागवायचे तर पाच मागवले असते, माणसं पाच-दहाच म्हणतात. चार म्हणणाऱ्याला काहीतरी माहीत असतं. चोराच्या मनात चांदणं, असं तिने स्वतःला बजावलं, पण बजावून काही उपयोग झाला नाही. बोटांची टोकं गार पडली होती. तिने ती मांडीखाली धरली.

तासबाई हे तिचं नाव नव्हे. ती गणित शिकवायची, पण गेली चौदा वर्षं कॉलेजचं वेळापत्रक तिच्या हातात होतं, आणि कुणाचा तास कुठे, कुणाला कुठली खोली, हे सगळं तिला तोंडपाठ असायचं म्हणून कधीतरी कुणीतरी हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. भिंतीवर लागायची ती वेळापत्रकं वेगवेगळी, प्रत्येक वर्गाचं वेगळं, प्रत्येक विभागाचं वेगळं. सगळं एका जागी दिसायचं ते फक्त मोठ्या तक्त्यात, आणि तो तिच्याकडे. चित्रकलेचे दोन मोठे कागद चिकटवून, पट्टीने चौकोन आखून, पेन्सिलीने भरलेला. संगणकावर हे काम आपोआप होतं, दोन तास एकमेकांवर आले तर लाल खूण उमटते, हे सांगायला एक विक्रेता येऊन गेला होता. तेव्हा तिनेच प्राचार्यांना म्हटलं होतं, 'यंत्राला काय कळतंय कुणाचे गुडघे दुखतात आणि कुणाला तिसरा मजला चढवत नाही ते?' सगळे हसले होते. विक्रेताही हसला होता. हे आठवलं आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते हसणं कुठल्या वर्षी झालं होतं तेही तिला आता नेमकं आठवत होतं, आणि ते आठवायला नको होतं.

ज्या विषयांना मुलं येत नाहीत ते बंद करायचे, असं वरून ठरून आलं होतं. नियम सरळ होता. सलग तीन वर्षं पहिल्या वर्षाच्या वर्गात पंधरापेक्षा कमी मुलं असली की विषय गेला. मग ती जागा, ती खोली, ते पद जिथे मुलं रांगा लावतात तिथे द्यायचं. यात कुणाचा राग नव्हता, लोभ नव्हता, नुसते आकडे होते, आणि आकड्यांशी भांडता येत नाही असं गणिताच्या तासाला तीच मुलांना सांगायची. या यादीत एकच विषय बसत होता. भूशास्त्र. एकेकाळी चोवीस मुलं होती. मग अकरा, मग सहा, मग चार, यंदा तीन. त्या विभागात माणूसही एकच उरला होता. त्यांना मुलं खडकसर म्हणायची आणि हळूहळू सगळेच म्हणू लागले. उंच, किंचित वाकलेले, खिशात कायम एखादा दगड, आणि तो दगड ते कुणाच्याही तळहातावर ठेवून म्हणत, 'वजन बघा. बघितलंत? आता याच्याकडे परत बघा.' माणसं उगाच परत बघायची. निवृत्तीला त्यांना दोन वर्षं होती.

चार वर्षांपूर्वी तासबाईच्या आईला माणसं ओळखू येईनाशी झाली. आई तिच्याच घरी होती. सांभाळायला एक बाई यायच्या, पण त्यांना बुधवारी दुपारी दुसरीकडे काम होतं, एकला त्या निघायच्या आणि दुसरी कुणी मिळेना. आईला एकटं ठेवलं की ती दार उघडून चालायला लागायची. एकदा ती कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात सापडली, पायात दोन वेगळ्या चपला, आणि दुकानदाराला म्हणत होती, 'माझी मुलगी शाळेतून यायचीय, तिला बसवून घ्या हं.' मुलगी समोरच उभी होती. त्या उन्हाळ्यात तक्ता भरताना तासबाईने स्वतःचा बुधवार दुपारचा तास उचलून सकाळी टाकला. सकाळी तिथे संगणकाचं प्रात्यक्षिक होतं, ते सरकवलं दुपारी. दुपारी बुधवारीच भूशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं, दोन ते पाच, बारा वर्षं तिथेच होतं, ते कुठे हलेना, कारण सूक्ष्मदर्शकं जीवशास्त्राकडून आणावी लागायची आणि ती तेवढ्याच वेळेला मोकळी. दोन्ही एकमेकांवर आली. भूशास्त्र घेणारी बहुतेक मुलं जोडीला संगणकच घ्यायची, कारण नकाशांच्या कामात त्या जोडीला नोकरी होती. आता त्यांना दोन्ही घेता येणार नव्हतं, आणि दोन्हींतलं एक निवडायचं तर कुठलं पोर दगड निवडणार? हे तिला चौकोन भरताना दिसलं होतं. लख्ख दिसलं होतं. एका वर्षापुरतं, असं ती मनात म्हणाली होती. मग जिन्यात खडकसर भेटले तेव्हा तिने विचारून टाकलं, 'सर, तुमचं बुधवारचं तिथेच ठेवते, चालेल ना?' त्यांना काय माहीत शेजारच्या चौकोनात काय आलंय. ते म्हणाले, 'ठेवा की. आमचे दगड काय पळून चाललेत?'

चिठ्ठी आली त्या मंगळवारी शेवटचा तास झाल्यावर ती वेळापत्रकाच्या खोलीत गेली. खोली कसली, जिन्याखालचा कोनाडाच, दार लावलं की हवा बंद. तिने दार लावलं. कपाटात पसंतीचे अर्ज होते. प्रवेशाआधी प्रत्येक मूल आपल्याला हव्या त्या दोन विषयांची नावं लिहून द्यायचं, ते अर्ज आधी तिच्याकडे यायचे, ज्यांचे तास एकमेकांवर येतात त्यांना ती बोलावून घ्यायची, समजावायची आणि लाल पेनाने एका विषयावर काट मारायची. कार्यालयात जायचं ते काट मारल्यानंतरचं. चार वर्षांचे चार गठ्ठे होते, वर नाडी बांधलेली. तिने एकेक सोडला आणि भूशास्त्रावर काट असलेले अर्ज बाजूला काढत गेली. अक्षरं मुलांची होती, कुणी वळणदार, कुणी कोंबडीचे पाय, आणि काट सगळीकडे सारखी, तिची. एका मुलीने विषयाच्या पुढे कंसात लिहिलं होतं, 'हाच हवा'. त्या मुलीला बोलावलं होतं ते तासबाईला आठवलं. दोन वेण्या होत्या. 'दुसरा दिवस नाही का होणार बाई?' मुलीने विचारलं होतं, आणि तिने म्हटलं होतं, 'नाही गं, वेळापत्रकात बसत नाही.' मुलीने लगेच मान हलवली होती. वेळापत्रकात बसत नाही म्हटलं की सगळे लगेच मान हलवतात, जसं काही ते आभाळातून पडलेलं असतं. तासबाईने अर्ज मोजले. मग पुन्हा मोजले. मग नाड्या बांधताना तिच्या लक्षात आलं की बाहेर कुणीतरी उभं आहे. तिने श्वास धरला. कोण म्हणून विचारायचं धाडस होईना. बराच वेळ काहीच हाललं नाही, आणि शेवटी तिने दार किलकिलं केलं तर बाहेर झाडूवाल्या मावशींची बादली होती.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, 'अगं, काय झालंय? भाजीत मीठ दोनदा पडलंय.' तिने सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं. तो ऐकत जेवत राहिला, खारट भाजी त्याने मुकाट्याने संपवली, मग हात धुऊन आला. 'हे बघ,' तो म्हणाला, 'तुझी आई आजारी होती. कुणीही हेच केलं असतं. त्यांनी विचारलं तर सांग, आई आजारी होती. नाही विचारलं तर आपणहून निखारा पदरात घेऊ नकोस.' 'आणि सर?' ती म्हणाली. 'सरांना दोन वर्षांनी घरीच बसायचंय ना? दोन वर्षं आधी काय नि नंतर काय.' त्याचं म्हणणं सरळ होतं आणि तो वाईट माणूस नव्हता. आई आजारी होती. तिने ते मनातल्या मनात प्राचार्यांपुढे म्हणून पाहिलं. आई आजारी होती सर. कोण काय बोलणार त्याच्यावर? बोलणाऱ्याचीच मान खाली जाईल. ती वाक्य घोळवत भांडी आवरत होती, आणि हातातल्या पातेल्यावरून तिचा हात मध्येच थांबला. आई गेली ती त्याच वर्षी, तास हलवल्यापासून सातव्या महिन्यात. तक्ते चार होते.

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. ते माहीत असणं ती गेली तीन वर्षं पाठीमागे ठेवून चालत होती. आई गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात नवा तक्ता करायला बसली तेव्हा जुना शेजारी पसरलेला होता. बुधवारच्या चौकोनावर पेन्सिल आली आणि थांबली. आता हलवता येत होतं. स्वतःचा तास परत दुपारी घ्यायचा, संगणक सकाळी न्यायचा, झालं, दहा मिनिटांचं काम. पण तोवर बुधवारच्या दुपारची तिला सवय झाली होती. पहिल्या महिन्यात ती आईच्या रिकाम्या खोलीत नुसती बसून राहायची, रडायची. मग एका बुधवारी ती तिथेच आडवी झाली आणि तिला झोप लागली. पडदा ओढलेला, पंखा हळू, बाहेर कुणाच्या तरी गाडीचा आवाज लांब लांब जाणारा. चार वाजता उठली तेव्हा अंग हलकं झालं होतं. आयुष्यात आपण दुपारी कधी झोपलोच नाही हे तिला पन्नाशीत कळलं. आठवड्यातले ते तीन तास तिचे होते, कुणाचे नव्हते, आणि ते सोडायचे या नुसत्या विचाराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने जुन्यावरून नवा तक्ता जसाच्या तसा उतरवला. त्या वर्षी भूशास्त्राला सहा मुलं आली. खडकसर म्हणाले, 'येतील पुढच्या वर्षी, पिढी बदलली की असं होतं.' ती म्हणाली, 'येतील की.' तिसऱ्या वर्षी तर पेन्सिल थांबलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. ती तक्त्यांची गुंडाळी काखोटीला मारून एकलाच घरी आली. जेवली नाही. जेवणाच्या टेबलावर तिने दुसऱ्या वर्षाचा तक्ता पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि खोडरबर घेतलं. एकच चौकोन बदलायचा होता. संगणक बुधवार दुपारऐवजी शुक्रवार दुपारी लिहिला की प्रश्न मिटला, शुक्रवारचा तो चौकोन मोकळाच होता. संगणकाचे सर शुक्रवारी यायचेच नाहीत, पण तक्त्यात ते कुठे दिसतं? मग कुणी कितीही बघितलं तरी दिसणार एवढंच की मुलांना दोन्ही घेता येत होतं आणि तरी ती आली नाहीत. तिने खोडायला सुरुवात केली. पेन्सिल निघाली, पण खाली कागद खरबरीत झाला, आणि मग तिला कळलं आपण काय करतोय. आत्तापर्यंत सरांकडे मुलं न जाण्याचं कारण तरी कुठेतरी लिहिलेलं होतं. आता तेही राहणार नव्हतं. मग खडकसर खरोखरच न जमणारे मास्तर ठरणार होते, कागदोपत्री. तिने घाईघाईने तेच शब्द, त्याच जागी, पुन्हा लिहिले. पण नवी पेन्सिल आणि जुना कागद, आणि हातात भीती. चौकोन इतरांपेक्षा काळा दिसायला लागला. सबंध तक्त्यावर तेवढा एकच चौकोन डोळे वटारून बघत होता. तिने वरून बोट फिरवून तो पुसट करायचा प्रयत्न केला तर त्याला राखाडी डाग पडला. ती खुर्चीवर बसली. आईच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, आत पलंग दिसत होता, चादर तिनेच सकाळी ताणून घातलेली. त्या बुधवारी ती आत गेली नाही. पाच वाजेपर्यंत ती टेबलाशी बसून त्या चौकोनाकडे बघत राहिली.

गुरुवारी प्राचार्यांच्या खोलीत पाच जण होते. प्राचार्य, दोन विभागप्रमुख, खडकसर आणि ती. खडकसरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि आज खिसा सपाट होता. तासबाईच्या मांडीवर गुंडाळी होती. प्राचार्यांनी नियम वाचून दाखवला, आकडे वाचून दाखवले. अकरा, सहा, चार, तीन. मग ते म्हणाले, 'सर, तुम्हाला काही म्हणायचंय का? आम्हालाही हे बरं वाटत नाहीये.' खडकसर थोडा वेळ टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिले. 'काय म्हणणार?' ते म्हणाले. 'बत्तीस वर्षं शिकवतोय. आधी मुलं यायची. विषय तोच आहे, दगड तेच आहेत. बदललो असेन तर मीच. शेवटी शेवटी रंगत आणता येईनाशी झाली असेल. आपलं आपल्याला कळत नाही ना ते. मी गेल्या वर्षी आरशासमोर उभा राहून धडा म्हणून बघितला.' ते हसले. दुसरं कुणी हसलं नाही. तासबाईला वाटलं, आता. आता म्हणायचं. शब्द होते, ओळीने उभे होते, आई आजारी होती सर. तिने तोंड उघडलं, आणि त्याच वेळी प्राचार्य तिच्याकडे वळले. 'बाई, ते तक्ते आणलेत ना? बघू.'

तिने गुंडाळी पुढे केली. प्राचार्यांनी तक्ते उलगडले, ते पुन्हा पुन्हा गुंडाळले जात होते म्हणून एका विभागप्रमुखांनी कडेवर तळहात दाबून धरला. प्राचार्यांचं बोट सोमवारवरून निघालं, मंगळवारवर आलं, बुधवारवर आलं. काळ्या चौकोनावरून गेलं आणि पुढे गेलं. 'संगणकवाल्यांना आणखी एक प्रयोगशाळा पाहिजे आहे,' प्राचार्य म्हणाले. 'बांधकामवाले विचारतायत, भूशास्त्राची खोली आठवड्यातून किती वेळ रिकामी असते. चार वर्षांची सरासरी द्या म्हणाले. एवढ्याचसाठी मागवले हो.' एवढ्याचसाठी. तिच्या खांद्यातलं काहीतरी सुटलं आणि पाठ खुर्चीला टेकली, आणि ते सुटणं इतकं सुखाचं होतं की तिला स्वतःची किळस आली. कुणालाच काही माहीत नव्हतं. कुणी कधी विचारणारही नव्हतं. 'सांगाल का बाई?' प्राचार्य म्हणाले. सगळे तिच्याकडे बघत होते, खडकसरसुद्धा, अगदी विश्वासाने. 'बुधवार दुपार सोडली,' ती म्हणाली, 'तर जवळजवळ सगळा वेळ रिकामी असते.' प्राचार्यांनी ते लिहून घेतलं आणि तक्ते तिला परत दिले. मग विषय बंद करायचा ठराव झाला. सरांची नोकरी जाणार नव्हती, तसा नियमच होता. त्यांना दोन वर्षं काहीतरी काम द्यायचं होतं. 'वेळापत्रकात घालू या तुम्हाला,' प्राचार्य म्हणाले. 'बाई एकट्याच ओढतात. पुढे कुणीतरी शिकलेलं हवंच.' खडकसर तिच्याकडे वळून म्हणाले, 'चालेल ना बाई? मी त्रास देणार नाही.'

ती रात्र आणि ती सकाळ कशी गेली ते तिला नीट सांगता आलं नसतं. एवढंच की आधी जी भीती दाराबाहेर उभी होती ती आता आत येऊन बसली होती. पकडले जाऊ ही भीती परवडली, तिला शेवट तरी असतो. ही वेगळी होती. कॉलेजच्या पायऱ्या चढताना तिला वाटलं, आपण आज आजारी म्हणून कळवायला हवं होतं, उद्याही, परवाही. पण दोन वर्षं कुणी आजारी राहत नाही. खडकसर तिच्या आधीच येऊन कोनाड्यापुढे उभे होते, हातात नवी पेन्सिल, नवं खोडरबर, आणि नव्या शाळेत आलेल्या मुलासारखे थोडे लाजलेले. 'म्हटलं आधी जुने तक्ते बघतो,' ते म्हणाले. 'तुम्ही कसं बसवता ते कळेल. एकेक वर्ष घेऊन बघितलं की पद्धत ध्यानात येते.' तिने कुलूप काढलं. ते आत आले, वाकून, डोकं जिन्याला लागू नये म्हणून. आत दोन माणसं म्हणजे गुडघ्याला गुडघा. त्यांनी पहिल्या वर्षाचा तक्ता घेतला, मांडीवर पसरला, खिशातून भिंग काढलं आणि सोमवार सकाळपासून वाचायला सुरुवात केली. कुणी पुस्तक वाचतं तसं, एकही चौकोन न गाळता. ती त्यांच्या बोटाकडे बघत होती. सोमवार संपला. मंगळवार अर्धा झाला. ते मध्येच म्हणाले, 'वा, हे छान जमवलंय हं तुम्ही,' आणि पुढे निघाले.

'सर, थांबा,' ती म्हणाली. त्यांनी भिंग बाजूला घेतलं. तिने सांगितलं. सुरुवात आईपासून केली, दोन वेगळ्या चपला, औषधांचं दुकान, एकला जाणाऱ्या बाई. मग चौकोन. कुठला कुठे हलवला, काय कशावर आलं, मुलांना काय सांगितलं. बोलताना ती कपाटाच्या कडीकडे बघत होती. तिचं सांगून झालं. जिन्यावरून मुलं धडधडत गेली, कोनाड्याच्या छतातून धूळ पडली, ती खडकसरांनी तक्त्यावरून हलकेच झटकली. 'आईंना भेटायला मी आलो होतो,' ते म्हणाले. 'आणि त्या गेल्या तेव्हाही आलो होतो. हिवाळा होता. साडेतीन वर्षं झाली की त्याला.' एवढंच म्हणाले. त्यांच्या आवाजात टोचणं नव्हतं, त्यांना हिशेब लागत नव्हता म्हणून ते विचारत होते. तिच्या डोळ्यांपुढे ओढलेला पडदा आला, हळू फिरणारा पंखा आला. 'मग नंतरचे तीन?' त्यांनी विचारलं. ते वाट बघत होते. शेवटी त्यांनीच प्रश्न बदलला. 'किती जणांनी मागितला होता?'

हे तिला सांगता आलं. तिने कपाटातून गठ्ठे काढून त्यांच्या मांडीवर, तक्त्यावरच ठेवले. 'एकवीस,' ती म्हणाली. 'मग एकोणीस. मग बावीस.' 'आणि यंदा?' 'यंदा सव्वीस.' खडकसरांनी वरचा अर्ज उचलून भिंगाखाली धरला. लाल काटेखालचं अक्षर त्यांनी वाचलं. दुसरा उचलला, तिसरा उचलला. त्यांचा ओठ हलत होता. 'सव्वीस,' ते म्हणाले. 'मी घरी बायकोला सांगून बसलो की मला शिकवता येत नाही आता. ती म्हणाली, असू दे, बत्तीस वर्षं काय कमी झाली?' त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत राहिले, पुसून झाल्यावरही. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. मग ते उठले, डोकं जिन्याला लागलं, त्याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. 'चला,' ते म्हणाले. 'कुठे?' तिने विचारलं, कुठे ते कळूनही. 'प्राचार्यांकडे. ठराव अजून वर गेला नसेल. मी नाही बोलणार बाई. मी काही बोललो तर विषयासाठी बोलतोय म्हणतील. तुम्ही सांगा, मी नुसता उभा राहतो.'

ती निघाली. व्हरांडा नेहमीचाच होता, पण आज तो संपत नव्हता असंही नाही, तो फार लवकर संपत होता. चौदा वर्षांत या व्हरांड्यातून जाताना लोक तिला हाक मारून खोल्या मागत, तास बदलून मागत, 'बाई, तुमच्या हातात आहे' म्हणत. आजही दोघांनी हाक मारली. उद्या मारतील का? मागे खडकसरांची पावलं होती, अर्जांचे गठ्ठे त्यांनी छातीशी धरले होते. तिने वाक्य जुळवायला घेतलं. आई आजारी होती सर. ते वाक्य तिच्या जिभेवर गुळगुळीत झालं होतं, ते म्हटलं की प्राचार्य खुर्ची पुढे करतील, पाणी देतील, म्हणतील, असू दे हो बाई. मग सगळंच असू दे होईल. दारात मामा होते. 'आत कुणी नाही, जा,' ते म्हणाले. प्राचार्यांनी कागदांतून मान वर केली. 'या बाई. बोला. काय आणलंय सरांनी?' तिने एकदा मागे बघितलं. खडकसर दाराशी उभे होते, आत आले नव्हते. तिने समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

'गेली तीन वर्षं बुधवारी दुपारी,' ती म्हणाली, 'मी घरी झोपायचे.'